पहिली स्कॉच कोणती घ्यावी, आणि भेट म्हणून कोणती द्यावी

दिवाळीच्या तोंडावर आमच्या कृषी केंद्रात हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी असते. त्या गर्दीत कोणीतरी काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "भाऊ, एखादी स्कॉच सांगा ना. कोणाले तरी द्याची हाय." गावाकडे परत येण्याआधी पुण्यात एका हॉटेलच्या बारचं स्टोअर मी सात वर्षं सांभाळलं. ही गोष्ट तालुक्यात पसरली आहे, त्यामुळे बियाण्याबरोबर बाटलीचाही सल्ला माझ्याकडेच मागतात. मी उलट विचारतो, "घेणारा काय पितो?" बहुतेकांना ते माहीत नसतं. दुकानात जाऊन ते सगळ्यात मोठा खोका उचलतात आणि तिथंच फसतात.

फसण्यात मीही मागे नाही. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना स्कॉटलंडच्या आयले बेटावरची एक महागडी सिंगल मॉल्ट नेऊन दिली. मामाजींचा सगळा जन्म रममध्ये गेलेला. त्यांनी मोठ्या कौतुकानं लाकडी बूच काढलं, ग्लासात ओतली, नाकाजवळ नेली आणि ग्लास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "जावाईबापू, दवाखान्यातून आनली का?" चव खराब नव्हती. त्या बेटावरच्या दारूला धुराचा आणि टिंक्चर आयोडीनचा वास असतोच, आणि त्यासाठीच लोक पैसे मोजतात. मामाजी त्यांतले नव्हते, एवढंच. बाटली दोन वर्षं कपाटात पडून होती.

१. आधी घर पाहा

माळकरी घर असेल, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना चालणारं घर असेल, किंवा त्या माणसानं दारू सोडली असेल, तर हा लेख इथंच बंद करा आणि चांगला बदाम-काजूचा डबा घ्या. सोडलेल्याच्या हाती बाटली देणं ही भेट नव्हे. साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा लिव्हरच्या गोळ्या चालू असतील तरी तेच. ज्या गावात बायांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे, तिथं लग्नाच्या मांडवात चमकता खोका हातात देऊ नका. घेणाऱ्याचीच पंचाईत होते.

दुसरी गोष्ट वयाची. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षांची अट आहे, स्पिरिटला २५ ची. व्हिस्की स्पिरिटमध्ये येते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या २३ वर्षांच्या पुतण्याला स्कॉच देणं कायद्यात बसत नाही.

२. स्कॉच कशाला म्हणायचं

बाटलीवर हरीण, किल्ला किंवा चौकड्याचं कापड छापलं म्हणून ती स्कॉच होत नाही. स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळावी लागते, तिथंच ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरवावी लागते, आणि बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही. पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरमल सोडून तिच्यात काही घालता येत नाही. हे ब्रिटनच्या २००९ च्या नियमांत लिहिलेलं आहे.

आपल्याकडे रॉयल स्टॅग, ब्लेंडर्स प्राइड या ब्रँडांत बाहेरून आणलेली मॉल्ट मिसळलेली असते, पण त्या स्कॉच नाहीत. वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, पण 'स्कॉच आणली' म्हणून त्या भेट देऊ नका. अमृत, पॉल जॉन, इंद्री या भारतीय सिंगल मॉल्ट आहेत, आणि चांगल्या आहेत, पण स्कॉच त्याही नाहीत.

मोहाची भट्टी पाहिलेल्याला स्कॉचची रीत चटकन समजते. मडक्याच्या जागी तांब्याचं मोठं भांडं, मोहाफुलांच्या जागी मोड आणून वाळवलेला जव. (जव म्हणजे सातू. जवस नव्हे. आमच्या दुकानात हा घोळ दर हंगामात होतो.) फरक मोठा आहे तो धारेत. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे कौतुक आहे. स्कॉचवाला बहुतेक वेळा दोनदा गाळतो, आणि दुसऱ्या वेळी पहिली धार बाजूला काढतो, शेवटचीही काढतो. पिंपात जाते ती फक्त मधली. उरलेली पुढच्या घाण्यात परत पडते. पहिल्या धारेत हलके, उग्र आणि घातक घटक जास्त येतात.

स्कॉटलंडमध्येही एके काळी बहुतेक माल हातभट्टीचाच होता. १८२३ च्या कायद्यानं परवाना स्वस्त केला, आणि १८२४ मध्ये ग्लेनलिवेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथनं तो घेतला. शेजारचे भट्टीवाले इतके भडकले की तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. आज दुकानात दिसणारी 'ग्लेनलिवेट' त्याचीच. 'ग्लेन' म्हणजे खोरं, म्हणून अर्ध्या बाटल्यांची नावं ग्लेननं सुरू होतात.

लेबलवरचे दोन शब्द कळले की बरंच काम भागतं. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच कारखान्यातली आणि फक्त मोडाच्या जवाची. एकाच पिंपातली असा अर्थ लोक काढतात, तो चूक. ब्लेंडेड म्हणजे अनेक कारखान्यांच्या मॉल्टमध्ये गहू-मक्याची हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली. जगात खपणारी बहुतेक स्कॉच ब्लेंडेडच आहे. ब्लेंडेडला कमअस्सल समजणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. मसाला दहा जिनसांचा असला म्हणून तो भेसळीचा होत नाही.

३. जीभ कुठं झुकते ते पव्व्यात तपासा

लोक हीच पायरी गाळतात, म्हणून सविस्तर सांगतो.

नवख्या माणसानं पहिल्याच फेरीत खंबा घेऊ नये. ७५० मिलीची बाटली म्हणजे ६० चे बारा पेग. नाही आवडली तर बारा वेळा तोंड वाकडं करायचं. भारतात बाटलीबंद होणाऱ्या स्कॉचचे १८० मिलीचे पव्वे मिळतात. ब्लॅक अँड व्हाइटचा एक आणि टीचर्स हायलँड क्रीमचा एक घ्या, आणि तीन-चार जण मिळून बसा. पहिली मऊ आहे, धूर अगदी नावाला. दुसरीच्या पोटात आर्डमोर नावाच्या कारखान्याची धुरकट मॉल्ट आहे, ती लगेच जाणवते.

हा धूर कसला? तिकडच्या दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या गवत-शेवाळाच्या विटा कापतात, वाळवतात आणि जव सुकवायला जाळतात. त्याला पीट म्हणतात. त्या धुराचा वास दाण्यात बसतो आणि दारूत उतरतो. धुऱ्यावर गोवऱ्यांच्या आरात हुरडा भाजला की दाण्यात जो वास शिरतो, त्याच जातीची ही गोष्ट. समुद्राकाठच्या आयले बेटावरचं पीट वेगळं असतं, म्हणून तिथल्या लॅफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिनला त्या धुरासोबत औषधाचाही वास येतो. मामाजींना तोच आला होता.

तपासायची रीत अशी. स्टीलचे गिलास नकोत. चहाचा काचेचा ग्लास चालेल, वर थोडा निमुळता असेल तर उत्तम. दोन ग्लासांत दोन्ही ३०-३० मिली ओता, बर्फ नको. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून काठावरून वास घ्या, नाहीतर अल्कोहोलचा झटका बसतो आणि पुढं काही कळत नाही. छोटा घोट घेऊन जिभेवरून फिरवा आणि गिळा. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा वास घ्या. पाण्यानं अल्कोहोलची धार बसते आणि आतले वास वर येतात. हा बदल स्वतःच्या नाकाला कळला की समजा निम्मं शिक्षण झालं.

पाणी कोणतं, याला आमच्या भागात फार महत्त्व आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. मी एका नामांकित बाटलीची या पाण्यानं वाट लागलेली पाहिली आहे, आणि पिणारे शिव्या देत होते दुकानदाराला. कॅनचं पाणी वापरा. बर्फही त्याच पाण्याचा घरी जमवा. रसवंतीवरचा बर्फ ग्लासात टाकू नका.

दोन्ही चाखून झाल्या की प्रत्येकाला एकच विचारा : उद्या पुन्हा प्यायची झाली तर कोणती? मऊ म्हणणारा एका वाटेचा, धूर म्हणणारा दुसऱ्या वाटेचा. पुढची सगळी खरेदी या उत्तरावर करायची.

४. मऊ वाट, धुराची वाट, आणि रमवाल्यांची आडवाट

मऊ वाटेवरची पुढची बाटली म्हणजे शिवास रीगल १२. मध आणि पिकल्या सफरचंदाकडे झुकणारी, नवख्याच्या घशाला न टोचणारी. थोडा जास्त खर्च करायचा असेल तर ग्लेनफिडिक १२ किंवा ग्लेनलिवेट १२. दोन्ही स्पेसाइड भागातल्या सिंगल मॉल्ट. ग्लेनफिडिकमध्ये नासपती सापडतं, ग्लेनलिवेटमध्ये अननसासारखा गोडवा. कोणी विचारलं की 'एकच नाव सांगा, माणूस कसा आहे ते माहीत नाही', तर मी ग्लेनलिवेट १२ सांगतो. ती न आवडलेला माणूस मला क्वचितच भेटला आहे. मात्र मुरलेल्या पिणाऱ्याला ती मिळमिळीत वाटू शकते.

धुराच्या वाटेवर टीचर्सनंतर जॉनी वॉकर ब्लॅक लेबल. बारा वर्षांची, ब्लेंडेड, धूर आहे पण अंगावर येत नाही. तिथून पुढं स्काय बेटावरची टॅलिस्कर, धुराबरोबर काळ्या मिऱ्याचा झणका. हे दोन टप्पे आवडले तरच आयलेकडे वळा. मी मामाजींना थेट शेवटच्या पायरीवर उभं केलं होतं.

तिसरी वाट आपल्याकडच्या रम पिणाऱ्यांसाठी. फौजेतून आलेले, एसटीत नोकरी केलेले, जुने मास्तर यांची जीभ गोडाला सरावलेली असते. यांना शेरीच्या पिंपात मुरलेली स्कॉच द्या : ॲबरलोर १२, ग्लेनड्रोनॅक १२, आणि खिसा फारच सैल असेल तर मॅकॅलन. शेरी ही स्पेनची वाइन. तिच्या पिंपात राहिलेल्या व्हिस्कीला मनुका, खारीक, सुक्या अंजिराची चव येते. याउलट बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरलेल्या स्कॉचला व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याची छटा असते. अमेरिकेत बोर्बनला दरवेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. जुनी पिंपं उरतात, आणि ती स्कॉटलंडला जातात. मामाजींना पुढच्या दिवाळीत शेरीची दिली. "हे जमली," म्हणाले, आणि बाटली कपाटात न ठेवता उशाशी ठेवली.

सोबत काय खाणार, हेही पाहा. सावजी मटण आणि तर्री असेल तर नाजूक सिंगल मॉल्ट उघडू नका. तिखटापुढं तिचा आवाजही ऐकू येत नाही, पैसे नाल्यात जातात. तिथं टीचर्स किंवा ब्लॅक लेबल सोड्यात. पोळ्याच्या करीला दहा जणांची बैठक असेल तरी हेच. दोघं-तिघं अंगणात निवांत बसणार असतील आणि समोर फुटाणे, भाजल्या शेंगा आणि संत्र्याच्या फोडी असतील, तर चांगली बाटली तेव्हा काढा. सिंगल मॉल्टमध्ये कोला घालू नये एवढा एक हट्ट माझा आहे. सोड्याचं मी मनावर घेत नाही.

आधीच स्कॉच पिणाऱ्याला भेट द्यायची असेल तर त्याच्या रोजच्या ब्रँडची वरची पायरी शोधत बसू नका. त्यानं ती चाखलेली असते. आडवं जा : ब्लॅक लेबलवाल्याला ग्रीन लेबल द्या. ती १५ वर्षांची, फक्त मॉल्टांचं मिश्रण असलेली. ग्लेनफिडिकवाल्याला मंकी शोल्डर द्या. आणि कुणाच्या डॉक्टरांना, साहेबांना किंवा व्याह्यांना देताना, जिथं चवीपेक्षा मान राखणं मोठं असतं, तिथं ब्लॅक लेबल किंवा शिवास १२ बरी. नाव सगळ्यांना माहीत असतं, समजावून सांगावं लागत नाही.

५. आकड्यांना भुलू नका

लेबलवर '१२' लिहिलं असेल तर बाटलीतला सगळ्यात तरुण थेंब १२ वर्षांचा असतो, बाकीचे त्याहून मोठे असू शकतात. आकडाच नसेल तर तीन वर्षांच्या वर, एवढंच नक्की. पण प्रत्येक आकडा वयाचा नसतो. व्हॅट ६९ ही ६९ वर्षांची नाही. विल्यम सँडरसननं १८८२ मध्ये शंभर मिश्रणं करून लोकांना चाखायला दिली आणि ६९ नंबरच्या पिंपाला पसंती मिळाली, अशी तिची कथा सांगतात. १०० पायपर्सचाही शंभराशी वयाचा संबंध नाही. एका पाहुण्यांनी ती मला 'शंभर वर्षांची' म्हणून दाखवली होती. मी मान डोलावली. कोणाच्या मांडवात वाद कशाला घाला.

गडद रंग म्हणजे जुनी, हाही भ्रमच. कॅरमल घालायची मुभा आहे हे वर सांगितलंच. बाटलीत व्हिस्की मुरतही नाही. पिंपातून निघाली की तिचं वय थांबतं. आजोबांच्या ट्रंकेत वीस वर्षं पडलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच.

भारतीय बाटल्यांवर ४२.८ टक्के दिसतं, आयात केलेल्यांवर बहुधा ४०. जुन्या लेबलांवर यालाच '२५ यू.पी.' छापायचे. त्यावरून एकानं मला "हे उत्तर प्रदेशात बनते का?" असं विचारलं होतं. तो 'अंडर प्रूफ'चा हिशेब आहे, म्हणजे 'प्रूफ' नावाच्या ठरलेल्या तीव्रतेहून किती खाली ते.

६. पैशांचं गणित

भाव इथं लिहीत नाही, कारण ते दर बजेटला हलतात. छापील एमआरपी पाहा. पण पायऱ्या साधारण टिकून आहेत. पहिली पायरी : स्कॉटलंडहून मोठ्या पिंपांत आणून भारतात पाणी घालून भरलेल्या. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, १०० पायपर्स, ब्लॅक डॉग. या स्कॉचच आहेत, फक्त भरणा इथला. दुसरी पायरी : तिकडेच भरलेल्या १२ वर्षांच्या ब्लेंडेड, पहिलीच्या दीड-दोनपट. तिसरी : १२ वर्षांच्या सिंगल मॉल्ट, तिपटीच्या आसपास. सिंगल मॉल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते, असा तिथला नियम आहे.

आयात बाटलीचे निम्म्याहून जास्त पैसे करात जातात. केंद्राचं आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात ते आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केलं, तेव्हापासून 'दुबईहून आण' या आग्रहातली जानच गेली. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, ती स्वतःपुरती. कोणी दुचाकीच्या डिक्कीतून 'दुबईचा माल' काढून दाखवत असेल तर आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

बजेट पहिल्या पायरीचं असेल तर पहिल्या पायरीचीच पूर्ण बाटली घ्या. ओढूनताणून तिसरीची अर्धी बाटली भेट देऊ नका. दिसायला वाईट दिसतं.

७. दुकानात, उजेडात

बाटली घेताना दुकानाच्या पायरीवर या आणि उन्हात धरा. मी पाहतो तो क्रम सांगतो. आधी बूच : बुचाखालचं कडं अखंड हवं, बोटानं फिरवलं तर बूच जागेवर घट्ट राहिलं पाहिजे. मग उत्पादन शुल्काचं होलोग्राम, ते फाटून पुन्हा चिकटवलेलं नसावं. मग मानेतली पातळी, शेजारच्या दोन बाटल्यांशी ताडून. त्यानंतर लेबल : अक्षरं फुसकट नाहीत ना, गोंद बाहेर आला नाही ना, 'स्कॉच व्हिस्की' हे दोन शब्द पूर्ण लिहिलेत ना. आयात बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर लागतं. शेवटी खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा जुळतो का. दिवाळीच्या गर्दीत एकदा माझ्या हातात एक बाटली आली, तिचं कडं करकर करत फिरलं. मी बोललो नाही, दुसरी द्या म्हटलं. दुकानदारानंही काही न बोलता ती काउंटरखाली ठेवली. आम्ही दोघंही समजलो.

बाटली हलवून बुडबुडे मोजणं, काडी लावून निळी ज्योत पाहणं, हे सगळं करमणुकीपुरतं. त्यानं फक्त अल्कोहोल आहे एवढं कळतं. एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा : ४६ टक्क्यांच्या काही मॉल्ट पाणी घातल्यावर गढूळ दिसतात. त्या नकली नसतात. थंड करून फिल्टर केलेल्या नसल्यामुळे त्यांतलं तेल दिसतं, इतकंच.

८. परमिट, जिल्हा आणि रस्ता

महाराष्ट्रात दारू बाळगायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्येच काही रुपयांत फाडून मिळतो. तो आणि बिल दोन्ही खिशात ठेवा. लोक हसतात, पण नाक्यावर गाडी अडली की हसू जातं. मध्य प्रदेश किंवा तेलंगणातून 'तिकडं स्वस्त' म्हणून आणलेली बाटली इथं बेकायदा आहे. त्या तीनशे रुपयांपायी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली माणसं मला माहीत आहेत. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि निवडणुकीचे दिवस कोरडे. खरेदी आधी उरका.

विदर्भात जिल्हा पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागू झाली होती, ती २०२१ मध्ये उठली. वर्ध्याच्या मेव्हण्याला स्कॉच भेट द्यायचा विचार सोडून द्या, तो कितीही दर्दी असला तरी. आणि नकाशा आठवा : अमरावतीहून नागपूरला जाणारा महामार्ग तळेगाव, कारंजा घाडगे असा वर्धा जिल्ह्यातूनच जातो, समृद्धीही त्या जिल्ह्यातून जाते. म्हणून नागपूरच्या पाहुण्यांसाठी आमच्या दर्यापुरातून (अमरावती जिल्हा) बाटली नेऊ नका. नागपुरात उतरून तिथंच घ्या.

९. घरी ठेवणं

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली की ४० टक्क्यांचं अल्कोहोल बुचाचं लाकूड खातं आणि चव बिघडते. वाइनची सवय इथं लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि टिनाच्या छपराखालच्या फळीवर तर हात ठेवता येत नाही. बाटली जमिनीलगतच्या कपाटात, खोक्यासकट, अंधारात. फ्रिजची गरज नाही. न फोडलेली बाटली अशी वर्षानुवर्षं राहते. फोडल्यावर अर्ध्याखाली गेली की हवा तिला हळूहळू फिकी करते, मग दोन-चार महिन्यांत संपवलेली बरी. पाहुण्यांसाठी म्हणून तळाशी दोन पेग तीन वर्षं राखून ठेवणारे आमच्याकडे घरोघरी आहेत.

१०. रिकामी बाटली

रिकामी बाटली अखंड, लेबलासकट भंगारवाल्याला देऊ नका. नकली भरणाऱ्याला तीच तर हवी असते. खोक्यासह असेल तर त्याला अजूनच बरं. लेबल ओलं करून खरवडा, होलोग्राम फाडा, खोका चुलीत घाला. भारतीय बाटल्यांच्या मानेत बहुधा प्लास्टिकची गोळी असते, त्यांत पुन्हा काही भरणं अवघड जातं. लाकडी बुचाच्या बाटल्यांची मात्र काळजी घ्या. मामाजींना दिलेली ती आयलेची बाटली अखेर मी आणि भाटव्यांनी मिळून संपवली. सासूबाईंनी ती राखेनं तीनदा घासली, तिच्यात जवसाचं तेल भरलं आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली. बूच अजून पक्कं बसतं.